पांढरी पाच, जरा चढी

इलेक्ट्रिक गिटार वाजवायला गिटार सोडून बाकी सगळं लागतं. तबलजी हातोडीने चार गट्टे ठोकतो आणि सुरू होतो. पेटीवाल्याने भाता सोडला की तो तयारच. आम्हाला मात्र आधी महावितरण प्रसन्न व्हावं लागतं, मग वायरमन, मग सोसायटी. एवढ्यांचा कौल मिळेपर्यंत जेवायची वेळ होते. त्यामुळे घरच्यांनी मला गिटार वाजवताना फारसं पाहिलेलंच नाही. तोंडात टॉर्च धरून कपाटामागे वायरी हुडकताना मात्र रोज पाहिलंय.

कॅनडाला कायमचे निघालेले एक गृहस्थ आपलं सामान काढत होते. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा ५० वॅटचा ॲम्प, आमच्या भाषेत हेड, आणि त्याच्याखाली ठेवायची दोन कॅबिनेटं. प्रत्येकात बारा इंची चार स्पीकर. मला एकच हवं होतं. "दोन्ही न्यायची असतील तरच," असं ते म्हणाले, पण बोलताना त्यांनी बायकोकडे पाहिलं, तेव्हा अट कुणाची आहे ते कळलं. त्या वहिनींनी छोटा हत्ती गेटबाहेर पडेपर्यंत गॅलरीतून नजर हलवली नाही.

आमच्याकडे लिफ्ट आहे. तिच्यात कॅबिनेट मावतं, पण मग बटण दाबायला माणूस मावत नाही. एकेका नगाचं वजन ३५ ते ४० किलो. दुसऱ्या मजल्यावर हमालाने खोकं टेकवलं आणि विचारलं, "आत काय हाय, साहेब?"

"स्पीकर आहेत."

"आनि बाकी?"

"बाकी रिकामं."

"मग रिकाम्याचं एवढं वजन?" त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि ठरलेल्या पैशांवर शंभर वाढवून मागितले.

या खोक्यांच्या इतिहासातही हमालच आहेत, ते त्याला सांगायचं राहून गेलं. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. ते स्वतः ड्रमर. अमेरिकेतले ॲम्प फार महाग पडत, म्हणून १९६२ साली दुकानातल्या मंडळींनी फेंडर या अमेरिकी कंपनीच्या बासमन ॲम्पचं सर्किट समोर ठेवून आपला ॲम्प बांधला. पुढे 'द हू' या बँडच्या गिटारवाल्या पीट टाउनशेंडला आणखी मोठा आवाज हवा झाला. त्याने आठ स्पीकरांचं एकच अजस्र कॅबिनेट करवून घेतलं. ते गाडीत चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांनी लवकरच हात टेकले, तेव्हा आठाचे चार-चार केले आणि एकावर एक रचले. रॉकच्या कार्यक्रमात गिटारवाल्याच्या पाठीमागे जी काळी भिंत दिसते, ती मुळात हमालांशी झालेली तडजोड आहे. आमच्या दिवाणखान्यात ती टीव्हीच्या जागी उभी राहिली. टीव्ही आता बेडरूममध्ये आहे, आणि बऱ्याचदा मीही तिथेच असतो, कारण बाहेर आईची भिशी असते आणि भिशीतल्या बायका वरच्या कॅबिनेटवर चहाचे कप ठेवतात.

मग जोडणी. हेडच्या पाठीला ४, ८ आणि १६ असे आकडे असतात. ते ओहम, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. स्पीकरचे ओहम आणि हेडचे ओहम जुळले पाहिजेत, नाहीतर आतल्या ट्रान्सफॉर्मरचं काही खरं नाही. आणि स्पीकर न जोडताच व्हॉल्व्हचा ॲम्प चालू करून वाजवला, तर तो ट्रान्सफॉर्मर गेलाच म्हणून समजा. मी बायकोला टॉर्च धरायला बोलावलं.

"हे सोळाचं, तेही सोळाचं. म्हणजे खटका आठावर."

"सोळा आणि सोळा आठ?"

"समांतर जोडल्यावर."

तिने टॉर्च माझ्या तोंडावर मारला. ती बँकेत आहे. सोळा आणि सोळा आठ होतात असं म्हणणारी माणसं तिच्याकडे कर्ज मागायला येतात.

केबलचं प्रकरण निराळंच. गिटारची केबल आणि स्पीकरची केबल दिसायला सख्ख्या बहिणी, दोघींना जॅकही तोच. पण गिटारच्या केबलमधली तार नाजूक आणि भोवती जाळी. तिला स्पीकरचं काम सांगितलं तर ती तापते, आणि ॲम्पही धोक्यात येतो. पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत मी हे दुकानदाराला समजावून सांगत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि गिटारचीच केबल पुढे केली. "बसते की यात. बसल्याशी मतलब." मागचं गिऱ्हाईक म्हणालं, "काका, घ्या आणि सरका." शेवटी घरी वायरचं भेंडोळं आणून स्वतःच डाग दिला.

पहिल्यांदा खटका ओढला तेव्हा आई समोर येऊन बसली. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट थांबावं लागतं. जाळीतून तो नारिंगी उजेड दिसायला लागला तसा तिचा चेहरा खुलला. "आमच्या रेडिओत हेच होते. तोही वेळ घ्यायचा," ती म्हणाली. मग थोडा वेळ ऐकून म्हणाली, "पण नंतर गाणं लागायचं."

गाणं लागायला मध्ये आवाज बदलणारे पेडल होते ना. जमिनीवर ओळीने मांडलेल्या या लहान लहान डब्यांचा मानपान लग्नातल्या पंगतीसारखा सांभाळावा लागतो. फझ, म्हणजे आवाज भरड करणारा डबा, जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा असेल तर त्याला थेट गिटारशेजारीच पाट लागतो. मध्ये दुसरा कोणी बसला की त्याचा आवाज बिघडतो. पायाने दाबला की 'वाह वाह' करणाऱ्या वाहलाही तीच जागा हवी. दोघे शेजारी आले तर कोण आधी यावर गिटारवाल्यांचे दोन तट आहेत आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. आवाज थोडा फाडणारा ओव्हरड्राइव्ह मध्ये. डिले आणि रिव्हर्ब, म्हणजे प्रतिध्वनी आणि घुमारा, ही शेवटची मंडळी. त्यांना समोरच्या दाराने न नेता ॲम्पच्या मागून, सेंड आणि रिटर्न नावाच्या दोन भोकांतून आत घ्यायचं, म्हणजे विकृत झालेला आवाज घुमतो. उलट केलं तर घुमलेला आवाज विकृत होतो. फरक मला ऐकू येतो. घरात आणखी कुणाला येत नाही.

वीज बहुतेकांना ९ व्होल्टच लागते, पण पिनच्या आत ऋण आणि बाहेर धन. घरातल्या इतर ॲडॉप्टरांचं साधारण याच्या उलट असतं. म्हणून सोफ्याखालच्या पिशवीत पडलेल्या एकोणीस ॲडॉप्टरांपैकी एकही उपयोगाचा नाही, आणि तरी बायको नवीन आणू देत नाही.

विचित्र हे की ज्या आवाजासाठी एवढे डबे लागतात, तो आवाज मुळात बिघाडातून जन्मला. १९६४ साली लंडनच्या 'द किंक्स' बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने कापला आणि त्याला हवी ती खरखर मिळाली. खर्च एका ब्लेडचा. आमचा बासवाला म्हणतो, तूही काप. त्याला माझ्या स्पीकरची किंमत माहीत आहे, म्हणूनच म्हणतो.

सगळं जुळलं आणि आवाज आला. घूं.

मी गिटारला हात लावला नव्हता. तारांना हात लावला की घूं कमी, सोडला की पुन्हा जोरात. फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. बायकोचा चार्जर काढला आणि परत लावला, कारण ती आली. घूं तसाच. माझ्या गिटारचे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारे तारांखालचे चुंबक, एकेरी कॉइलचे. आसपासच्या विजेच्या तारांतलं कंपन ते टिपून घेतात. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास दोन कॉइल उलटसुलट जोडून यावर उतारा काढला होता, पण तो माझ्या गिटारला मिळालेला नाही. एकेरीवाल्यांना एकच उपाय, गिटारसकट स्वतः फिरायचं. एका दिशेला घूं फार येतो, दुसऱ्या दिशेला जवळजवळ नाही. मी दिवाणखान्यात हळूहळू गोल फिरलो. ईशान्येकडे तोंड केलं आणि घूं निम्म्याहून खाली आला.

"देवघर आहे ना तिकडे," आई म्हणाली. यावर विज्ञानाकडे उत्तर नव्हतं. मीटरची पेटी नैर्ऋत्येला आहे हे मी सांगितलं, पण तोवर तिने हात जोडले होते.

उरलेल्या घूंसाठी बासवाल्याने फोनवर तोडगा दिला, "प्लगची अर्थची पिन काढून टाक. सगळे काढतात." काढतात खरे. अर्थ काढला की कधीकधी घूं जातो, आणि आत चारशेच्या वर व्होल्ट असलेल्या त्या खोक्यात काही बिघडलं तर वाजवणाराही जातो. मी वायरमनला बोलावलं.

त्याने टेस्टलॅम्पची दोन टोकं सॉकेटात घातली. फेज-न्यूट्रल, बल्ब लख्ख. फेज-अर्थ, बल्ब मख्ख. त्याने बोर्ड उघडला, आत पाहिलं, मला दाखवलं. तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. "शोभेचं आहे, साहेब," तो म्हणाला. वीस वर्षं आमचा फ्रिज, इस्त्री, वॉशिंग मशीन या शोभेच्या भोकावर विसंबून होती, आणि बोंब पहिल्यांदा मारली ती गिटारने. हे मी घरात चार वेळा तरी बोलून दाखवलं. कुणी मनावर घेतलं नाही.

वायरमन अर्थची वायर खेचायला म्हणून खाली गेला आणि दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या काकू. वरती त्यांचा गाण्याचा क्लास असतो. त्यापूर्वी एकदा मी जीव ओतून सोलो वाजवत असताना सोसायटीच्या ग्रुपवर 'चौथ्या मजल्यावर ड्रिलिंग कधीपर्यंत चालणार?' असा प्रश्न आला होता, त्यामुळे मी हात जोडूनच दार उघडलं.

"काकू, बंदच करतोय. दिवसा ५५ डेसिबलच्या वर जाणार नाही याची—"

हे मी उगाच बोललो नव्हतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असं लिहिलंय. असला एक स्पीकर एका वॅटवर, मीटरभर अंतरावर १०० डेसिबलच्या आसपास जातो. माझ्याकडे वॅट ५०, स्पीकर आठ. आणि व्हॉल्व्हचा खरा आवाज खुलतो तो बटण सातावर गेल्यावर. आमचं बटण शून्य आणि एकच्या मध्ये केसभर हलतं, तेवढ्यात सगळी कला दाखवायची.

"बंद कशाला?" काकू आत आल्या, डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि बारीक आवाजात सा लावला. "पांढरी पाच आहे ही. जरा चढी."

पांढरी पाच म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी. मी नंतर गणित केलं. आपल्या विजेची कंपनं सेकंदाला ५०. खालच्या सप्तकातली पांढरी पाच ४९. म्हणजे अर्ध्या स्वराच्या साधारण एक तृतीयांश चढी. काकूंना हे कॅल्क्युलेटरशिवाय, जिना उतरता उतरता कळलं होतं. अमेरिकेत वीज ६० ची, ती काळी पाच आणि पांढरी सात यांच्या अगदी मधोमध पडते. तिकडच्या काकूंचे हाल आहेत.

"पूर्वी मी काळी चारात गायची," त्या म्हणाल्या. "आता पांढरी पाच बरी पडते. तानपुऱ्याचा झंकार उतरलाय, म्हणून जवारी लावायला तो मिरजेला गेलाय, आणि इलेक्ट्रॉनिकवाला कालपासून नुसता खरखरतोय. पाच मुली येऊन बसल्यात. कालही हाच सूर वर येत होता, त्यावरच भूप घेतला."

तेवढ्यात खालून वायरमनने अर्थ जोडला. घूं बराचसा गेला. काकूंनी डोळे उघडले.

"का रे बंद केलास?"

"काकू, मी नाही. अर्थिंग आलं."

"मग परत घालव."

ते शक्य नव्हतं, आणि वायरमननेही पैसे परत द्यायला नकार दिला. पण आई मदतीला आली. "अरे, त्या दुसऱ्या दिशेला तोंड कर की." गिटार स्टँडवर ठेवून काटकोनात फिरवली. घूं आला, पण क्षीण. मी फझ दाबला. तो त्या एका सुरातून वरचे कितीतरी सूर ओढून काढतो. खोली भरून गेली.

"अगंबाई, जवारी काय सुरेख लागलीये याची!" काकू म्हणाल्या. "हे तांबडं बटण असंच राहू दे. सहा ते साडेसात. आवाज एवढाच." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आणि मध्येच तारांना हात लावत बसू नकोस. मुलींचा सा हलतो."