स्पेशालिटी निवडताना डोकं वापरू नये

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आलात आणि अजून विभाग ठरला नाही? कठीण आहे. बाकीच्यांचं कधीच ठरलंय. विचारून बघा, दहातले सात जण छातीठोकपणे सांगतील, "मी आयसीयूच घेणार." का घेणार, ते मात्र विचारू नका, उगाच मैत्री तुटायची.

तुमचंही झटपट ठरवून टाकू. सुरुवात पोस्टिंगपासून. दोन आठवड्यांच्या पोस्टिंगवरून जन्माचं मत बनवायचं. त्यातला पहिला दिवस बेडपॅन कुठे असतात ते शोधण्यात गेला, चार दिवस केअर प्लॅन लिहिण्यात गेले आणि उरलेले टीपीआर-बीपीचा (ताप, नाडी, श्वास, रक्तदाब) तक्ता भरण्यात, तरी काय बिघडलं? पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सिंग अभ्यासिकेने १९८४ मध्ये नवख्यापासून निष्णातापर्यंत पाच पायऱ्या मांडल्या. त्यातल्या तिसरीवर, म्हणजे नुसतं 'जमतंय' म्हणण्यापर्यंत यायला एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं जातात, असं त्यांचं म्हणणं. त्यांना तुमच्या बॅचची मुलं भेटली नसावीत.

इन्चार्ज सिस्टरचा स्वभाव हाही उत्तम निकष. जिथे तुम्हाला आपणहून सलाईन लावायला दिलं, तो तुमचा विभाग. जिथे राउंडमध्ये सगळ्यांदेखत ओरडा बसला, तो विभाग मुळातच टाकाऊ. सिस्टरची बदली होते आणि विभाग तिथेच राहतो, या क्षुल्लक गोष्टीकडे लक्ष देऊ नका.

आता आयसीयू. तो शूरांसाठी आहे, हे पक्कं धरून चाला. प्रत्यक्षात पहाटे चारला तुम्ही पलंगाशी उकिडवं बसून युरोमीटरवरची, म्हणजे लघवी मोजायच्या डब्यावरची, रेघ वाचत असता. पेशंट ६० किलोचा असेल तर लघवी तासाला ३० मिलीच्या खाली गेली की कान टवकारायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची, तोंडाची स्वच्छता, सक्शन म्हणजे नळीने कफ ओढणं. मॉनिटर ओरडतो तो बहुतेकदा बोटावरचा प्रोब निसटला म्हणून. तरी दर वेळी उठून आधी पेशंटकडे बघायचं, मग पडद्याकडे. बीपी टिकवून धरणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनची सिरिंज संपत आली की नवी आधीच भरून ठेवायची, कारण या औषधाचा अंमल मिनिटांत ओसरतो आणि तुम्ही अ‍ॅम्प्यूल फोडेपर्यंत बीपी थांबत नाही. शौर्य बहुधा याच्या अधेमधे कुठेतरी असावं.

कॅज्युअल्टी थरारासाठी घ्या. ताप, पोटदुखी, ड्रेसिंग आणि टाके काढायला आलेले लोक हे सगळं थरारातच मोडतं. जो सगळ्यात जोरात ओरडतोय त्याला आधी घ्या. कोपऱ्यात घामाघूम होऊन "अ‍ॅसिडिटी झालीय" म्हणणारा गृहस्थ शांत आहे, तो थांबेल. हा हार्ट अटॅक असू शकतो, त्याचा ईसीजी १० मिनिटांच्या आत निघायला हवा, असं ट्रायाजच्या (कुणाला आधी बघायचं ते ठरवण्याच्या) तासाला सांगितलं होतं खरं. पण त्या दिवशी तुम्ही मागच्या बाकावर होतात.

लोकांशी बोलायचा कंटाळा असेल तर ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. तिथे पेशंट झोपलेला असतो, त्यामुळे तोंड उघडायला नको, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो जरूर बाळगावा. प्रत्यक्षात काय होतं? मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे), गॉज, सुया, हत्यारं यांची मोजणी शस्त्रक्रियेआधी करायची, पोकळी बंद करण्याआधी करायची, कातडी शिवण्याआधी पुन्हा करायची. दोघांनी, मोठ्याने. आता समजा मॉप एक कमी भरला. सर्जन सुईधारक मागतायत, भूलतज्ज्ञ घड्याळ बघतायत, पुढची केस दारात उभी आहे. आणि त्या खोलीतल्या सगळ्यात कनिष्ठ माणसाने, म्हणजे तुम्ही, म्हणायचंय, "सर, काउंट जुळत नाही." मग बादली उपसायची, ड्रेपच्या घड्या झटकायच्या, टेबलाखाली वाकायचं, सगळ्यांच्या चपलांचे तळवे बघायचे. तरी सापडला नाही तर टेबलावरच एक्स-रे; मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा त्यासाठीच विणलेला असतो. मॉप पोटातच राहिला तर महिन्या-दोन महिन्यांनी ताप, गळू आणि दुसरं ऑपरेशन. मितभाषी माणसाला याहून आरामाची जागा कुठली? शिवाय भूल चढेपर्यंत टेबलावरचा माणूस टक्क जागा असतो आणि तुमच्याकडेच बघत असतो, तो भाग वेगळा.

बाळं आवडतात म्हणून एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू, हे तर ठरलेलंच. इथली बाळं उचलायची नसतात, हे सांगून तुमचा हिरमोड करत नाही. उलट कमीत कमी हात लागावा म्हणून तापमान, लंगोट, तोंडाची स्वच्छता, कूस हे सगळं एकाच खेपेत उरकायचं. लंगोट वजनकाट्यावर जातो: कोरा आणि ओला यांत जितके ग्रॅम फरक, तितके मिली लघवी. आणि गणित! १ किलोच्या बाळाला ४ मिग्रॅ जेंटामायसिन हे अँटिबायोटिक द्यायचंय, वायलमध्ये १ मिलीत ४० मिग्रॅ आहे, म्हणजे ०.१ मिली. इतका थेंब तर सुईच्या बुडाशीच अडकतो, म्हणून आधी पातळ करून घ्यायचं आणि दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्यायचं. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. पण तुम्हाला बाळं आवडतात ना, मग झालं.

डायलिसिस? छे, कंटाळवाणं. तीच माणसं, त्याच खुर्च्या, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. यंत्रातून मिनिटाला ५०० मिली द्रव जातो, म्हणजे एका बैठकीला १२० लिटर. यात बघण्यासारखं ते काय? फक्त तिसऱ्या तासाला एखाद्या काकांना जांभई येते आणि जुनी सिस्टर हातातलं काम टाकून बीपीचा पट्टा गुंडाळते. जांभई ही बीपी घसरण्याची पहिली खूण असू शकते, आणि हे काका एरवी जांभया देत नाहीत, हे तिला तीन वर्षांत कळलेलं असतं.

मानसोपचार घेतला तर हातातलं कसब जातं म्हणतात. खरंच आहे. स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोका असलेल्या पेशंटवर दर १५ मिनिटांच्या आत नजर टाकायची, तीही वेळा मुद्दाम मागेपुढे करत, म्हणजे त्याला पुढच्या फेरीचा अंदाज येऊ नये. याला कसब थोडंच म्हणतात.

जनरल वॉर्डाबद्दल बोलायलाच नको. तो कुणी 'निवडत' नाही.

एकदा निवडलं की बदलू नका, लोक नावं ठेवतात. सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, पाठीच्या दुखण्याने ते सुटलं, मग रुग्णालयातलं समाजकार्य केलं, मग वैद्यकीय शिक्षण घेऊन १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं. आधुनिक हॉस्पिस चळवळ तिथून धरतात. एवढी धरसोड बरी नव्हे.

मुलाखतीला गेलात तर पगार आणि सुट्ट्या विचारा आणि उठा. रात्री एका सिस्टरमागे किती पेशंट, नव्या माणसाला किती आठवडे कुणाच्या हाताखाली ठेवता, मागच्या वर्षी या वॉर्डातून किती जण सोडून गेले, या वॉर्डातलं सगळ्यात रटाळ काम कोणतं आणि ते दिवसातून किती वेळा करावं लागतं, असले प्रश्न शोभत नाहीत. वॉर्डात एखादी पूर्ण रात्र बसून बघू द्याल का, हे तर मुळीच नाही.

आणि हो, त्या सर्जिकल वॉर्डात पुढच्या पाळीला ओव्हर देऊन झाल्यावर, सही करून, पर्स खांद्याला लावून तुम्ही परत आत गेलात आणि सात नंबरच्या पेशंटच्या ड्रेनमध्ये, म्हणजे जखमेतला स्राव काढणाऱ्या नळीच्या पिशवीत, आता किती भरलंय ते बघून आलात, हे कुणाला सांगू नका. कुणी विचारलंच, तर बस चुकली म्हणावं.