गड राखणारे हात

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि गडांचे पुढे काय करायचे, हा जुना वाद पुन्हा पेटला. वाडे, सदर, दरवाजे पूर्वीसारखे उभारा, असे एक बाजू म्हणते. आहेत त्या अवशेषांना धक्का लावू नका, असे दुसरी. स्पेनमध्ये राहून हा वाद वाचताना मला तेरुएल प्रांतातले आल्बाराथिन आठवते.

डोंगरात, ग्वादालाव्यार नदीच्या वळणावरच्या कड्यावर वसलेले हे हजारभर वस्तीचे गाव अकराव्या शतकात बनू राझीन या, उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर जमातीच्या घराण्याची राजधानी होते. मागच्या उघड्या उतारावरून तटबंदी आंदादोर बुरुजापर्यंत चढत जाते. खाली गल्लीत एक गवंडी घराच्या भिंतीला तिथल्याच जिप्समचा लालसर गिलावा लावत होता. जुना थर शाबूत ठेवून, पोपडे सुटलेल्या जागाच तेवढ्या भरत होता. मी बराच वेळ ते काम पाहत उभा होतो.

स्पेनच्या १९८५ च्या वारसा कायद्यानुसार, मूळ भागच वापरायचे असल्याखेरीज पुनर्बांधणी टाळावी लागते आणि आधारासाठी घातलेली भर वेगळी ओळखू यावी लागते. सागुन्तोच्या रोमन नाट्यगृहावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नवे बांधकाम चढवले गेले. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले, तरी ते काढणे अशक्य ठरल्याने आजही तसेच उभे आहे. पुनर्बांधणीचा आग्रह धरणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावे.

मात्र आल्बाराथिन केवळ कायद्याने टिकलेले नाही. तिथे आधी स्थानिक तरुणांना जुन्या बांधकामाचे शिक्षण देणारी कार्यशाळा झाली आणि १९९६ मध्ये प्रादेशिक सरकार, नगरपालिका व बिशपचा धर्मप्रांत यांच्या सहभागाने सांता मारिया प्रतिष्ठान स्थापन झाले, जे इमारती दुरुस्त करून निवास, अभ्यासवर्ग आणि मैफलींसाठी वापरते. अर्थात तेरुएलमधून तरुणांचे स्थलांतर त्याने थांबलेले नाही, पण गावातल्या काही हातांना गावातच काम मिळाले.

आपल्याकडे रविवारी टाक्यांतला गाळ उपसणाऱ्या, तटावरची झुडपे काढणाऱ्या दुर्गसंवर्धकांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु तेरुएलच्या कोरड्या हवेपेक्षा सह्याद्रीचा पाऊस कितीतरी निष्ठुर आहे, आणि सांध्यात रुजलेला पिंपळ रविवारची वाट पाहत नाही. त्यासाठी बारमाही पगारी माणसे हवीत, ज्यांना चुना मळता येतो, दगड घडवता येतो आणि कुठे हात लावायचा नाही हेही कळते. ती पाचाड, गुंजवणे, वाघांबे यांसारख्या पायथ्याच्या गावांतलीच असावीत. गडांसाठीच्या सरकारी तरतुदीतला पहिला वाटा त्यांच्या प्रशिक्षणाला आणि वेतनाला मिळावा. सदर उभारायची की नाही, यावर त्यानंतर खुशाल वाद घालू.