"मास्तरांचं राजकारणात काय काम?"

आज एका प्राध्यापिका मैत्रिणीच्या निरोप समारंभाला गेले होते. पुढे नगरपालिकेला उभी राहीन म्हणतेय, असं ती सहज बोलून गेली. त्यावर प्रमुख पाहुणे माइकवर म्हणाले, "मास्तरकी केलेल्यांनी राजकारणात पडू नये, तिथे असली माणसं टिकत नाहीत." आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं, अजून आहे.

टिकत नाहीत? मधु दंडवते विसरलात? मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. 1971 ला राजापुरातून लोकसभेवर गेला आणि ओळीने पाच वेळा निवडून आला. 1984 च्या काँग्रेस लाटेत भलेभले वाहून गेले, दंडवते नाही गेले.

माझ्यासाठी मात्र दंडवते म्हणजे माझ्या बाबांचा अंगठा. 1981-82 असेल. आत्याकडे नागपूरला निघालो होतो. बाबा गिरणी कामगार, प्रवास कायम सेकंड क्लासचा. म्हणजे लाकडी फळी आणि त्यावर घरून नेलेली वळकटी. त्या रात्री डब्यात चढल्यावर बाबांनी बर्थवर अंगठा दाबला. आत गेला. पुन्हा दाबला. आईला म्हणाले, "अगं, गादी आहे!"

दोन इंच फोम. 1977 ला रेल्वेमंत्री झाल्यावर दंडवत्यांनी साध्या स्लीपरच्या बर्थला तो बसवायला सुरुवात केली. वरच्या वर्गाच्या गाद्या काढून घेऊ म्हणाले नाहीत, खालच्याला गादी दिली. 1974 च्या रेल्वे संपात कामावरून काढलेल्या कामगारांना परत घेतलं तेही त्यांनीच. शेवटच्या बाकावरच्या पोराचं पाठीचं दुखणं वर्गात शिकवणाऱ्यालाच दिसतं, असं मला ठाम वाटतं.

हो, मान्य, प्राध्यापक झाला म्हणून कोणी आपोआप दंडवते होत नाही. सभागृहात पाच वर्षं झोपा काढलेले प्राध्यापकही आहेत. पुढे.

आणि चीड कशाची येते सांगू? ज्या कोकणासाठी हा माणूस रेल्वे रेल्वे करत दिल्लीत भांडला, त्याच कोकणाने 1991 ला त्यांना पाडलं. आपल्याच लोकांनी. 1998 ला रोह्यापासून मंगळुरापर्यंत गाड्या धावू लागल्या तेव्हा ते खासदार नव्हते. आज आपण गणपतीला त्याच रुळांवरून गावी जातो आणि तिकीट कन्फर्म नाही म्हणून कुरकुरतो. मीही कुरकुरते.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते, प्रमिलाताई येरवड्यात. नवराबायकोत उरली होती ती फक्त पत्रं. अर्थमंत्रीही झाले, पण राहणी शिक्षकाचीच राहिली. 2005 ला गेले तेव्हा देह जे. जे. रुग्णालयाला दिला. मेल्यावरसुद्धा विद्यार्थ्यांच्याच कामी आले, हे आठवलं की गळा दाटतो.

मैत्रीण समारंभानंतर गप्प गप्प होती. तिला आत्ताच फोन केला आणि अंगठ्याची गोष्ट सांगितली. अर्ज भर म्हटलं, प्रचाराला मी येते, दारोदार फिरू.

त्या रात्री बाबांनी वळकटी सोडलीच नाही. तशीच बांधलेली उशाला घेतली आणि पहाटे वर्ध्याला चहावाल्याने हाक मारेपर्यंत गाढ झोपले.