'जगातला चौथा समान देश' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एकच मेसेज मला तीन वाटांनी आला. आधी आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग वाशीच्या मैत्रिणीकडून, शेवटी डोंबिवलीच्या मावशीकडून, "बघ गं, तुझ्या कामाबद्दल आहे" असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: "जागतिक बँकेनेच सांगितलंय, भारत जगातला चौथा सर्वांत समान देश आहे. तरी विद्यापीठांमध्ये विषमतेवर संशोधन चालूच. शहरात जात उरलेली नाही. नवी मुंबई बघा, आखीव शहर, सगळ्यांना सारखंच. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र यांची खिचडी करून हे लोक आपली दुकानं चालवतात. या संशोधनाने आजवर एका माणसाचं भलं झालं नाही. करदात्यांचा पैसा वाचवा, ही केंद्रं बंद करा."

मी काही वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत विद्यापीठांच्या पाहण्यांसाठी घरोघर फिरले आहे. त्यामुळे यातलं एकेक वाक्य मला लागलं, आणि एकेकाला उत्तर द्यायला हवं असं वाटलं.

पहिलं, चौथ्या क्रमांकाचं. ही बातमी हवेतून आलेली नाही. जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तसं निवेदन काढलं होतं: गिनी निर्देशांक २५.५, स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूस यांच्यानंतर आपण. गिनी म्हणजे शून्य ते शंभरची पट्टी. सगळ्यांकडे सारखं असेल तर शून्य, सगळं एकाकडेच असेल तर शंभर. आकडा खरा आहे, पण तो खर्चाचा आहे, उत्पन्नाचा नाही. मेसेजमध्ये हा एक शब्द गळलाय आणि सगळा घोळ तिथेच झालाय.

एक साधा हिशोब करू. घरकाम करणाऱ्या बाई महिन्याला १५ हजार कमावतात आणि १५च्या १५ हजार खर्च होतात. ज्यांच्याकडे त्या काम करतात त्या घरात ३ लाख येतात, त्यातले ९० हजार खर्च होतात, बाकीचे म्युच्युअल फंडात, दुसऱ्या फ्लॅटमध्ये, सोन्यात जातात. कमाईतला फरक वीसपट, खर्चातला सहापट. खर्चाचा गिनी ही सहापट पाहतो. ज्या देशांशी आपली तुलना झाली त्यातल्या अनेकांचे आकडे उत्पन्नाचे आहेत. आंब्याच्या पेटीशी नारळाची पेटी मोजून "आमच्याकडे नग कमी" म्हणण्यासारखं झालं हे.

आणि जागतिक बँकेच्या ज्या टिपणावरून हा आकडा उचलला, त्याच टिपणात पुढे लिहिलंय की माहितीच्या मर्यादांमुळे विषमता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत असण्याची शक्यता आहे. त्यातच जागतिक विषमता डेटाबेसचा दाखला देऊन म्हटलंय की भारताचा उत्पन्नाचा गिनी २००४मध्ये ५२ होता, तो २०२३मध्ये ६२ झाला. वरच्या १० टक्क्यांची मधली कमाई खालच्या १० टक्क्यांच्या १३ पट, हेही तिथेच आहे. हो, टोकाची गरिबी घटली हेही त्याच टिपणात आहे, १६.२ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर, आणि ते मला मनापासून मोलाचं वाटतं. पण गरिबी घटणं आणि दरी बुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विषमता कमी का दिसते, हे मी स्वतःच्या पायांनी अनुभवलंय. लोकमान्य नगरच्या एका चाळीत मी "महिन्याला तेल किती लागतं?" असं विचारलं, तर त्या ताईंनी ओट्याखालून तेलाचा कॅनच बाहेर काढला. बोटाने रेघ दाखवून म्हणाल्या, "इथपर्यंत पंधरा दिवस. पाहुणा आला तर बारा." चहा पाजला, पुढची पन्नास मिनिटं एकेका प्रश्नाला विचार करून उत्तर दिलं. त्याच आठवड्यात घोडबंदर रोडच्या एका टॉवरवर तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा वॉचमन म्हणाला, सेक्रेटरीची परवानगी आणा. परवानगी आणली, तर इंटरकॉमवरून "मॅडम मीटिंगमध्ये आहेत". तिसऱ्यांदा थेट नकार. फॉर्मवर मी 'नकार' असं लिहून खाली सही केली. यादीतली वरची घरं अशी गळतात, खालची जवळजवळ सगळी सापडतात. आमची पाहणी सरकारी नव्हती, पण सरकारी पाहणीवाल्यांनाही गेट तेच लागतं.

सरकारच्याच २०२२-२३च्या घरगुती खर्च पाहणीत शहरांमधल्या सर्वांत वरच्या ५ टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च २०,८२४ रुपये आलाय. म्हणजे चौघांच्या घराचा साधारण ८३ हजार, घराच्या कर्जाचा हप्ता न धरता, कारण घरखरेदी या खर्चात मोजत नाहीत. हे या देशातल्या शहरी श्रीमंतीचं टोक आहे का, ते ठाणेकरांनी आपापल्या खिडकीतून बघून ठरवावं.

"शहरात जात उरली नाही." अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी २००७मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी वर्तमानपत्रांमध्ये खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती येत, त्यातल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, बदल फक्त नावात. कुठे उच्चवर्णीय आडनाव, कुठे दलित, कुठे मुस्लिम नाव. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढचं बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर दलित नावाला ०.६७ आलं आणि मुस्लिम नावाला ०.३३. म्हणजे मुलाखत घेणाऱ्याने चेहराही पाहण्याच्या आधी चाळण लागली होती. या पदवीधरांच्या नोकऱ्या होत्या, आणि पदवी शहराचीच भाषा बोलते.

"अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्राची खिचडी." मला या आरोपाचं सर्वांत वाईट वाटतं, कारण ही खिचडी आपल्याकडे आपल्याच माणसाने शिजवली आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातीच्या उगमावर एक निबंध वाचला गेला. वाचणारा पंचवीस वर्षांचा विद्यार्थी मुळात अर्थशास्त्र शिकायला गेला होता. भीमराव आंबेडकर. जात ही एकट्या अर्थशास्त्राच्या चिमट्यात सापडत नाही हे त्यांना त्या वयात कळलं होतं.

मेरीलँड विद्यापीठ आणि दिल्लीची राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद यांनी मिळून २०११-१२मध्ये देशभरात ४२ हजारांवर घरांची पाहणी केली. त्यात अस्पृश्यतेचा प्रश्न दोन पायऱ्यांनी विचारला होता. आधी सरळ: तुमच्या घरात कोणी पाळतं का? "नाही" उत्तर आलं तर पुढचा: अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली, तुमची भांडी वापरली, तर चालेल का? दोन्ही मिळून २७ टक्के घरांनी कुठल्या ना कुठल्या रूपात पाळत असल्याचं कबूल केलं. दुसरा प्रश्न सुचायला माणसांच्या घरात बसून चहा प्यायलेला अभ्यासक लागतो, आणि ४२ हजार घरांमधून पक्का निष्कर्ष काढायला आकडेशास्त्र जाणणारा. दोघं एका टेबलाशी बसले म्हणूनच तो आकडा हाती आला. मला तर कामवाल्या ताईंसाठी खिडकीत वेगळा ठेवलेला स्टीलचा पेला अनेक घरांत दिसलाय, "आम्ही असलं काही मानत नाही" हे ऐकत असतानाच.

आता नवी मुंबईबद्दल, कारण हे माझं राहतं शहर आहे. हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, स्थापन झाली १९७०मध्ये. ठाणे, पनवेल आणि उरण भागातली ९५ गावं या शहरासाठी घेतली गेली, आगरी-कोळी माणसांची. त्यांची भातशेती, मिठागरं, खाडी. जानेवारी १९८४मध्ये उरण-जासई भागात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याची योजना आली. "सगळ्यांना सारखंच" म्हणणाऱ्याने ही पाच नावं एकदा तरी जासईला जाऊन वाचावीत.

अर्थतज्ज्ञ या कहाणीत मोबदल्याचा दर पाहील, आणि ते गरजेचंच आहे. पण मोबदला गेला सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. मिठागरात मीठ ओढणारा मजूर, दुसऱ्याच्या शेतात लावणी करणारी बाई, खाडीत पाग टाकणारा, यांची नावं कुठल्या सातबाऱ्यावर असणार? आणि ज्यांच्या घरची जमीन होती त्या घरातल्या मुलींचं काय? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क देणारी महाराष्ट्राची दुरुस्ती १९९४ची, देशाची २००५ची. तोवर बरीच जमीन गेलेली होती.

घणसोलीच्या गावठाणात एक आजी भेटल्या होत्या. घर तीन मजली, खाली दोन गाळे भाड्याने दिलेले, ते भावाचे. त्या मागच्या खोलीत राहायच्या. मी फॉर्ममध्ये 'मालमत्ता' या रकान्याशी पोचले तेव्हा म्हणाल्या, "मी सही देऊन मोकली झालू. भावाचा माहेर राहायला पाहिजे ना!" हक्कसोड पत्र. फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाच नव्हता. मी समासात लिहून आणलं, आणि आमच्या गटातल्या कायद्याच्या प्राध्यापिका व समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी पुढच्या फेरीत तो प्रश्न घातला: हक्क सोडला का, कुणाच्या सांगण्यावरून, बदल्यात काय मिळालं. घराच्या उत्पन्नाच्या आकड्यात त्या आजी सुखवस्तू होत्या. त्यांच्या हातात मात्र औषधाच्या गोळ्यांपुरतेही स्वतःचे पैसे नव्हते. एकाच छपराखालची ही विषमता गिनीला दिसत नाही, कारण तो घर मोजतो आणि घरात सगळं सारखं वाटलं जातं असं धरून चालतो.

विस्थापितांच्या बाबतीत हे शहाणपण आपल्याकडे जुनं आहे. कोयना धरणाने उठवलेल्या माणसांचं पुढे काय झालं याची पाहणी डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी केली होती, १९६९मध्ये ती छापली गेली. मानववंशशास्त्राची बाई धरणग्रस्तांच्या घरात जाऊन विचारत होती, तेव्हा सिडको जन्मायची होती.

"एका माणसाचं भलं झालं नाही." पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१मध्ये देशातल्या गरिबीचा हिशोब मांडला आणि सरकारने कामं काढून रोजगार द्यावा असा आग्रह धरला. रोजगार हमीचं श्रेय एकट्या अभ्यासकांचं नाही. ती कल्पना रेटणारे, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे होते, १९७२चा दुष्काळ होता, मोर्चे काढणाऱ्या बाया होत्या. पण महाराष्ट्राचा १९७७चा कायदा आणि पुढे देशाचा २००५चा कायदा ज्या वादविवादातून घडले, त्यात हे काम पायाशी होतं. दुष्काळात खडी फोडून चूल पेटती ठेवलेल्या माणसांना तरी "भलं झालं नाही" असं सांगू नये.

पैशाचं एवढंच सांगते. २०१९-२१मध्ये देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता हे आपल्याला ठाऊक आहे ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीमुळे, आणि ती पाहणी १९९२-९३पासून वाशीच्या खाडीपलीकडे देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली होते. गोळ्या कुठे किती पाठवायच्या हे अशा पाहण्यांशिवाय कसं ठरवणार?

२०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही. आता लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७मध्ये ठरली आहे, आणि या वेळी जातही नोंदवली जाणार आहे. उन्हातान्हात फिरणारी कुणी शिक्षिका तुमच्या टॉवरच्या गेटवर येईल. सोसायटीच्या सेक्रेटरींना माझी विनंती आहे, वॉचमनला आधीच सांगून ठेवा, तिला वर सोडायचं, आणि आधी पाणी द्यायचं.