लाडकी मालिका परत येणार असल्यास घ्यावयाची दक्षता

आपल्या उमेदीच्या काळातली एखादी मालिका पुन्हा सुरू होणार अशी बातमी आली, की सुजाण प्रेक्षकाने सर्वप्रथम आपली स्मरणशक्ती बाजूला काढून ठेवावी. परभणीकरांना ही सूचना विशेष आग्रहाने करावीशी वाटते, कारण ‘सीआयडी’ या हिंदी पोलिसी मालिकेच्या बाबतीत आमची स्मरणशक्ती नको तितकी तल्लख आहे. 21 जानेवारी 1998 रोजी सुरू झालेली आणि 1547 भागांनंतर 27 ऑक्टोबर 2018 रोजी थांबलेली ही मालिका इथल्या लोकांनी भारनियमनाच्या वेळापत्रकाशी भांडत पाहिली आहे. मालिकेतल्या प्रयोगशाळेचे डॉक्टर साळुंखे परीक्षानळी हलवून आता काहीतरी महत्त्वाचे सांगणार, नेमकी तेव्हाच लाइट जायची, आणि खून नोकराने केला की मेव्हण्याने, हे दुसऱ्या दिवशी बसस्थानकासमोरच्या टपरीवर कळायचे. असल्या आठवणी उराशी घेऊन 21 डिसेंबर 2024 रोजी सुरू झालेल्या दुसऱ्या पर्वासमोर बसणे प्रकृतीला अपायकारक आहे.

दुसरे म्हणजे, पोलिसांच्या मालिकेत तपास असेलच अशी अपेक्षा धरू नये. जुनी मालिका फार तर्कशुद्ध होती, असा आव मी आणणार नाही. इन्स्पेक्टर दयाने दार तोडायचे, एक थप्पड लगावायची आणि गुन्हेगाराने तत्काळ सगळे कबूल करून टाकायचे, हे कोणत्या कायद्यात बसते ते आम्ही कधी विचारले नाही. मात्र त्या भाबड्या कारभाराच्या मुळाशी एक मृतदेह असे, चार संशयित असत आणि चुकीच्या माणसावर संशय घेण्याची मुभा आम्हालाही असे. कष्ट तर इतके, की मालिकेचे कर्ते बी. पी. सिंग यांच्या चमूने 2004 मध्ये 111 मिनिटांचा एक भाग कॅमेरा एकदाही न थांबवता चित्रित केला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. नव्या पर्वाने असल्या कष्टांतून सर्वांची सुटका केली आहे. दया आणि त्याचा जिवलग सहकारी अभिजीत यांच्यात वैर आणले, पहिल्याच जाहिरातीत अभिजीतला दयावर गोळी झाडायला लावली, की काम भागते. खून आपला बाहेर कुठेतरी होत राहतो, तपास मात्र कार्यालयातल्या रुसव्याफुगव्यांचाच चालतो, आणि प्रेक्षकाला संशय घ्यायचाच झाला तर तो लेखकाच्या हेतूवर घेता येतो.

घरातल्या मुलांसमोर जुन्या भागांचे कौतुक करू नये. ती मोबाइलमधून मान वर न काढता दार तोडण्याचे मीम दाखवतात आणि मालिका पाहून झाल्याचे जाहीर करतात.

सुतक पाळण्याचा विषय मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. एप्रिल 2025 मध्ये बार्बोझा नावाच्या खलनायकाने घडवलेल्या बॉम्बस्फोटात, शिवाजी साटम यांनी साकारलेल्या पथकप्रमुख एसीपी प्रद्युमन यांचा मृत्यू झाल्याचे दाखवण्यात आले. वाहिनीने लगोलग समाजमाध्यमांवर त्यांचे छायाचित्र, खाली 1998 ते 2025 अशी वर्षे आणि सोबत स्मृतीला वंदन करणारा मजकूर प्रसिद्ध केला. ते चित्र फिरत फिरत गंगाखेडला माझ्या आत्याच्या फोनवर पोहोचले. आत्याला इंग्रजी वाचता येत नाही. परंतु माणसाच्या फोटोखाली दोन वर्षे लिहिली की त्याचा अर्थ काय होतो, हे चौकाचौकांतले फलक पाहून तिला पक्के ठाऊक आहे. तिचा फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता. “अरे, शिवाजीराव गेले म्हणं. बँकेत नोकरी करून नाटकं केली होती त्यांनी. भला माणूस वाटायचा.” साटम ठणठणीत आहेत, गेले आहेत ते केवळ प्रद्युमन, हे मी तिला परोपरीने समजावले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मालिकेतलेच गेले ना? मग खाली वर्षं कामून लिहायलेत?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि ज्यांनी ते चित्र तयार केले त्यांच्याकडेही नसावे. त्या रात्री तिने जेवण केले नाही. मालिकेतला असला तरी वीस वर्षे घरात आलेला माणूस होता, एवढेच तिने वहिनीला सांगितले.

पुढे प्रद्युमन यांच्या खुर्चीवर एसीपी आयुष्मान नावाचा तरुण अधिकारी आला. आत्याने त्यालाही मोठ्या मनाने घरात घेतले, “पोरगं बरं हाय, पण साहेब वाटंना” एवढीच तक्रार केली, आणि आता कुठे ती त्याला सरावते आहे तोवर, पावसाळा लागता लागता, प्रद्युमन साहेब जिवंत परतले! यावर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात अशी योजना होती आणि पुष्कळांनी त्या वाजवल्याही. आत्याने टीव्ही बंद केला. आपल्या मालिकांमध्ये निम्म्या सुना मरून परत येतात, त्याचे कोणाला काही वाटत नाही, हे मला मान्य आहे. परंतु ज्या माणसाने गुन्हेगार निघालेल्या स्वतःच्या मुलाला, नकुलला, स्वतःच्या हाताने गोळी घातली आणि ते ओझे चेहऱ्यावर वागवत पुढची कित्येक वर्षे काम केले, त्याच्या मृत्यूला निदान त्या मुलाच्या मृत्यूइतके वजन द्यायला नको होते का? तेव्हा यापुढे कोणतेही पात्र मेल्यास प्रेक्षकाने रडण्यापूर्वी दोन महिने थांबावे, तोवर डोळे कोरडे ठेवावेत आणि जेवण वेळेवर करावे.

नव्या पर्वात फ्रेडरिक्स का दिसत नाही, असे कोणालाही विचारू नये. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर 2023 मध्ये गेले आणि ते परत येणार नाहीत.

आपल्याच चमूतला माणूस खरोखर जाऊन जेमतेम दीड वर्ष झाले असताना, सत्तरी ओलांडलेल्या हयात नटाच्या फोटोखाली जन्ममृत्यूसारखी वर्षे छापायला यांचा हात धजावला कसा? ही प्रसिद्धीची युक्ती नाही, हा निलाजरेपणा आहे. खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना नट आणि पात्र वेगळे करता येत नाही म्हणून त्यांना हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की वीस वर्षे त्याच भाबडेपणावर ही मालिका जगली. त्या माणसांनी साळुंख्यांच्या परीक्षानळ्यांवर विश्वास ठेवला, दयाच्या खांद्यावर विश्वास ठेवला, आणि तुम्ही त्याच विश्वासाला टीआरपीसाठी फसवलेत. तुमच्याकडे गोष्ट नव्हती. गोष्ट असती तर दोन मित्रांना एकमेकांच्या जिवावर उठवावे लागले नसते आणि साहेबांना मारून जिवंतही करावे लागले नसते.

आणि ते श्रद्धांजलीचे चित्र खातरजमा न करता गटागटांत पुढे ढकलणारे, खाली हात जोडणारे, नंतर परतण्याची जाहिरातही तितक्याच उत्साहाने पाठवणारे आपले बंधू, त्यांना तरी काय म्हणावे! फुकटचे प्रचारक मिळत असतील तर वाहिनी कथालेखकावर पैसे कशाला घालवील?

प्रद्युमन परतलेच आहेत, तर त्यांच्यापुढे एक खून ठेवा, चार संशयित ठेवा आणि त्यांना विचार करायला एक तास द्या. तेवढेही लिहिणे होत नसेल, तर त्या नटाला सन्मानाने घरी जाऊ द्या. पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्या फोटोखाली वर्षे लिहू नका.