ताईच्या लक्षातच नव्हतं

गेल्या बुधवारी ऑफिसातून येताना दुकानातून भाजलेलं अख्खं चिकन घेतलं. घरी येऊन फ्रिज उघडला तर सोमवारी आणलेलं चिकन समोरच, डब्याचं झाकणसुद्धा न काढलेलं. पिशवी ओट्यावर ठेवली आणि दोन मिनिटं तशीच उभी राहिले.

मी चौपन्न वर्षांची आहे. माझी आई शेवटची चार वर्षं आम्हाला ओळखत नव्हती. त्यामुळे अशी एखादी गोष्ट विसरली की माझ्या पोटात गोळा येतो. मागच्या वर्षी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, सगळं ठीक आहे. तरी गोळा यायचा तो येतोच.

म्हणून आधीच सांगते, आईला झालं होतं तो आजार होता. त्याला मी विसराळूपणा म्हणत नाही, कुणी म्हणू नये. त्यात चांगलं काही नव्हतं. घरात कुणाला रोजची कामं जमेनाशी झाली, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकायला लागली, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. आज मी लिहिते आहे ते धडधाकट माणसाच्या रोजच्या विसरण्याबद्दल. त्याची आपण उगाच लाज बाळगतो.

दोन चिकन समोर असली की इथे, मी राहते त्या टेक्सासमध्ये, थंडीच्या दिवसांत एकच उत्तर असतं, चिली. आपल्याकडच्या चायनीजच्या गाडीवरची चिकन चिली नव्हे. ही म्हणजे घेवडा घातलेला दाटसर रस्सा. भाताशिवाय, वाडग्यात घेऊन खायचा.

तेल तापलं की मोठा कांदा बारीक चिरून टाकायचा. तो गुलाबी झाला की लसणाच्या पाच-सहा पाकळ्या ठेचून. दोन पोब्लानो मिरच्या मी वांग्यासारख्या थेट गॅसवर भाजते, साल काळी पडेपर्यंत. मग पाच मिनिटं झाकून ठेवायच्या, साल हातानेच निघते. पोब्लानो तिखट फारशी नसते, म्हणून सोबत दोन तिखट हालापेन्यो मिरच्या. दोन चमचे जिरं भाजून कुटलेलं, एक चमचा धनेपूड, एक चमचा ओरेगानो. मसाल्याचा वास सुटला की चार कप चिकनचं पाणी आणि पांढऱ्या घेवड्याचे दोन डबे, डब्यातलं पाणी काढून दाणे धुऊन. त्यातला वाटीभर घेवडा बाजूला काढून पळीने ठेचायचा आणि परत घालायचा, रस्सा त्यानेच दाट होतो. क्रीम चीज घालणारे घालतात, मला गरज वाटत नाही. एका चिकनचे हाताने धागे काढायचे, साधारण अर्धा किलो होतील, आणि ते शेवटची दहा मिनिटं. आधी घातलं तर चोथा होतो. उतरवल्यावर लिंबू आणि मूठभर कोथिंबीर. सगळं मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं.

ही कृती मला २००६ साली शेजारच्या बाईंनी कार्डावर लिहून दिली होती. नऊ वर्षं मी ते कार्ड समोर उभं करून चिली केली, चमचा चमचा मोजून. २०१५ मध्ये घर बदललं त्यात ते हरवलं. फार वाईट वाटलं. पहिल्या खेपेला आठवेल तसं केलं. कार्डावर कुठली तरी पूड होती, ती आठवेना. त्या जागी धनेपूड घातली. जिरं आधी भाजून घ्यायचं की नाही हे आठवेना, तेव्हा आईसारखं भाजून खलबत्त्यात कुटलं. त्या दिवसापासून ती चिली माझी झाली. आज ते कार्ड सापडलं तर जपून ठेवीन, पण त्यात बघून रांधणार नाही. आकडे गेले आणि हात उरला. कांदा किती परतला की पुरे, रस्सा केव्हा उतरवायचा, हे हाताला कळतं.

टोरंटोचे ब्लेक रिचर्ड्स आणि पॉल फ्रँकलँड या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये एका लेखात जवळपास हेच मांडलं आहे. स्मरणाचं काम सगळं साठवून ठेवणं हे नाहीच, पुढे नीट वागता यावं हे आहे. त्यासाठी मेंदू बारीकसारीक तपशील टाकून देतो आणि मथितार्थ ठेवतो. विसरण्यावर मेंदू मुद्दाम शक्ती खर्च करतो, ते त्याचं काम आहे. हे वाचलं तेव्हा मला ते कार्डच आठवलं.

ज्याला विसरता येत नाही त्याचं काय होतं, तेही लिहून ठेवलेलं आहे. १९२०च्या दशकात मॉस्कोत सोलोमन शेरेशेव्स्की नावाचा एक वार्ताहर होता. बैठकीत सगळे टिपणं घेत, हा काहीच लिहीत नसे. संपादकांनी हटकलं तर त्यांनी सांगितलेलं सगळं त्याने जसंच्या तसं म्हणून दाखवलं. अलेक्झांडर लूरिया या मानसशास्त्रज्ञाने त्याचा तीसेक वर्षं अभ्यास केला. आकड्यांच्या लांबलचक याद्या तो कित्येक वर्षांनंतरही बिनचूक म्हणायचा. पण साधी गोष्ट वाचताना अडखळायचा, कारण प्रत्येक शब्दागणिक डोळ्यांपुढे नवं चित्र उभं राहायचं आणि गोष्टीचा धागा सुटायचा. माणसांचे चेहरे त्याला ओळखायला अवघड जात, कारण चेहरा दर वेळी थोडा वेगळा असतो आणि त्याला प्रत्येक वेळचा वेगळा आठवायचा. नको असलेल्या गोष्टी डोक्यातून जाव्यात म्हणून तो त्या कागदावर लिहायचा. त्याने भागेना, म्हणून कागद जाळायचा. जळालेल्या कागदावरची अक्षरंही त्याला दिसत राहायची. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या साताऱ्याच्या घरी जेवणाआधी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायची पद्धत होती. ताटं वाढलेली, वरणावर तुपाची धार, आणि आम्ही दोघी बहिणी तोंडाने श्लोक म्हणत डोळ्यांनी ताट बघायचो. त्यात ओळ येते, "मत्तः स्मृतिर्ज्ञानमपोहनं च". शेकडो वेळा म्हटली असेल, अर्थ चाळिशीनंतर पाहिला. स्मृती, ज्ञान आणि त्यांचं नाहीसं होणं ही तिन्ही माझ्यापासूनच येतात, असं भगवंत म्हणतो. विसरणं त्याने दुसऱ्या कुणाच्या खात्यावर टाकलेलं नाही. आठवणीच्या शेजारीच, तिच्याच पंगतीत बसवलं आहे. ते कळलं तेव्हा मला फार मोठा आधार वाटला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

२०१३ मध्ये आई गेली. घर आवरायला मी इथून पंधरा दिवसांची रजा काढून गेले होते. आईचा पाटा-वरवंटा मला हवा होता. इथे आणणं शक्य नव्हतं हे मलाही कळत होतं, पण तो घरात असावा एवढंच वाटत होतं. मी पोचायच्या आतच ताईने तो कामाच्या मावशींना देऊन टाकला होता. मी बोलले. मग ती म्हणाली, "तू होतीस कुठे इतकी वर्षं?"

परदेशात राहणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य कुठे लागतं ते. मी अकरा वर्षं ते बाळगलं. आमचं बोलणं सुरू होतं, दिवाळीला फोन, वाढदिवसाला फोन, पण प्रत्येक फोनच्या तळाशी ते वाक्य होतं. मागच्या दिवाळीला गेले तेव्हा एका संध्याकाळी धीर करून काढलं. म्हटलं, ताई, तू मला असं असं म्हणाली होतीस.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी? असं म्हणाले मी?"

तिला खरंच आठवत नव्हतं. मला भयंकर राग आला, ते लपवत नाही. जे मी अकरा वर्षं उशाशी घेऊन झोपले, ते हिने टाकूनही दिलं? मग ती म्हणाली, "मला त्या दिवसांचं एवढंच आठवतं गं, की तू जाताना रिक्षात रडत होतीस आणि मी तुला डबा द्यायचा विसरले. पोळ्या केलेल्या होत्या. रिक्षा वळल्यावर लक्षात आलं."

डबा माझ्या लक्षातच नव्हता. माझ्याकडे ते वाक्य होतं, तिच्याकडे पोळ्या. त्या पंधरा दिवसांत दोन्ही घडलं होतं. आईच्या शेवटच्या चार वर्षांत जिने रात्री जागून काढल्या तिच्या तोंडून एक वाक्य निघालं, आणि तिच्या मनाने ते सोडून देऊन न दिलेला डबा तेवढा ठेवला. तिच्या मनाने चूक केली असं मी आज म्हणू शकत नाही. उलट मला वाटतं, तिच्या विसरण्याने आमचं बहिणींचं नातं वाचवलं. ती कुढत बसली असती तर दोघींपैकी पहिला फोन कुणी केला असता?

सगळंच विसरावं असं मी म्हणत नाही. ज्याच्यावर खरा अन्याय झाला त्याला "विसर आता" सांगायचा हक्क कुणालाही नाही, अन्याय करणाऱ्याला तर मुळीच नाही. विसर सांगून येत नाही, आणि क्षमा ही वेगळी गोष्ट आहे, ती जाणून करावी लागते. पण घरातल्या भांडणांचा नव्वद टक्के भाग खरा अन्यायही नसतो आणि क्षमेच्या लायकीचाही नसतो. त्याने आपोआप विरावं. आपण मात्र मेसेजचे जुने फोटो जपतो, तारीखवार पुरावे ठेवतो आणि दर सणाला उघडून बघतो. फोन काहीच विसरत नाही म्हणून आपणही विसरायचं नाही, ही सक्ती आपण स्वतःवर लादून घेतली आहे. ती मला मनापासून चुकीची वाटते.

मिरचीचंच बघा. ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्रात मिरची नव्हती, तिखटपणा मिरीचा होता. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली, ती इथल्या या अमेरिका खंडांतून. घेवडाही इकडचाच. आज मिरचीवाचून कोल्हापूरची कल्पना करून दाखवा. ती परकी होती हे सगळे विसरले, म्हणून ती आपली झाली. चिलीचंही तसंच. टेक्सासमधल्या सान अँतोनियो शहरात, मिलिटरी प्लाझा या चौकात, १८८०च्या दशकात बायका रात्री कंदिलाच्या उजेडात चिलीची पातेली मांडून बसायच्या, ती गोमांसाची आणि लाल मिरचीची. १९७७ मध्ये टेक्सासने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ केलं. माझ्या ऑफिसातल्या टेक्सन मैत्रिणीच्या मते घेवडा घातला की ती चिलीच नाही. मी तिच्याशी वाद घालत नाही. वाडगा मात्र तिने दोनदा भरून घेतला.

बुधवारी रात्री मी ताईला फोटो पाठवला, तिने कृती विचारली. "तिकडचा घेवडा मला कुठला मिळायचा? कोरेगावचा वाघ्या आहे घरात, तो घालते." मी सांगितलं, आठ तास भिजव, कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजव, अर्धाकच्चा ठेवू नकोस, तो पोटाला बाधतो. पोब्लानोऐवजी भोपळी मिरची भाज आणि दोन-तीन हिरव्या मिरच्या घाल. चिकन कच्चं असेल तर बोनलेस तुकडे वीस मिनिटं उकड आणि ते पाणी फेकू नकोस, रश्शाला वापर.

रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. रस्सा माझ्यापेक्षा लालसर होता, वाघ्याचा रंग उतरलेला. वर कोथिंबीर नव्हती, ओलं खोबरं पेरलेलं होतं.

"लिंबू पिळलंस का?" मी विचारलं.

"अगं, विसरलेच बघ," म्हणाली, आणि फोन तसाच ओट्यावर ठेवून परसात गेली. मला बराच वेळ स्वयंपाकघराचं छत दिसत होतं.