रात्रपाळीचा नातेवाईक

अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत पेशंटच्या उशाशी बसून नुसतं लक्ष ठेवायला पगारी माणूस नेमतात. आपल्याकडे त्याला भाचा म्हणतात. ज्याला शुगर नाही, कंबरदुखी नाही आणि सकाळी ऑफिस असलं तरी 'तो जाईल हो तसाच' असं ज्याच्याबद्दल परस्पर ठरतं, तो प्रत्येक घराण्यात एक असतो. आमच्याकडे मी. बाकीची मंडळी दिवसा येतात, शहाळं ठेवतात, 'काही लागलं तर हाक मार' म्हणतात. लागतं ते रात्री अडीचला, आणि तेव्हा त्यांचे फोन सायलेंटवर असतात.

काम एका वाक्यात सांगता येतं: पेशंटला पेशंटपासून वाचवायचं. पंचाहत्तरीचे नाना, खुब्याचं ऑपरेशन, भूल, वेदनाशामकं, अनोळखी खोली. सकाळच्या राऊंडला डॉक्टरांना 'एकदम उत्तम' सांगणारे नाना दिवस मावळला की वातात गेल्यासारखे बोलू लागतात आणि मध्यरात्री 'शेवटची एसटी चुकेल' म्हणून पाय खाली सोडतात. डॉक्टरी भाषेत हा डिलिरियम. तो अचानक सुरू झाला तर सिस्टरच्या कानावर घालायचाच. मागे सोडियम उतरलेलं, साखर घसरलेली, जंतुसंसर्ग किंवा तुंबलेली लघवी असं काहीही निघू शकतं.

वाद मात्र घालू नये. 'नाना, तुम्ही हॉस्पिटलात आहात' हे तीनदा ऐकवलं की चौथ्या वेळी नानाच सिस्टरकडे तक्रार करतात, की या इसमाने मला डांबून ठेवलंय. त्यापेक्षा चष्मा लावावा, कानातलं यंत्र बसवावं, मंद दिवा ठेवावा, 'एसटीचं मी बघतो' म्हणून विषय बदलावा. पण चष्मा आणि यंत्र 'इथे हरवेल' म्हणून आत्याने संध्याकाळीच घरी नेलेलं असतं. माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि वर आपणच म्हणायचं की ते भ्रमात आहेत!

खरी लढाई लघवीची. नळी घातलेली आहे, पिशवी निम्मी भरलेली आहे, तरी नानांना 'जायचंय'. ते खोटं बोलत नसतात. नळी आत टिकावी म्हणून तिच्या टोकाला एक फुगा असतो, बहुधा 10 मिली पाण्याने फुगवलेला. आगाऊ पोराने दारावरची बेल दाबून धरावी तसा तो मूत्राशयाच्या तोंडाशी बसून असतो. फुगा तसाच ठेवून नळी ओढली तर आत इजा होऊन रक्त येतं. म्हणून नानांचा हात चादरीखाली गेला की पाठोपाठ आपलाही गेला पाहिजे. इथे संकोच करणाऱ्याने दिवसपाळी मागून घ्यावी.

नळी मांडीला पट्टीने चिकटवलेली आणि जरा सैल हवी. पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकलेली. एक्स-रेला नेताना वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, सोयीसाठी ती पेशंटच्या पोटावर ठेवतात. मग आतली लघवी उलटी फिरते. तेव्हा पिशवी आपण खाली धरायची आणि ओळखीचं कुणी भेटलंच तर दुसऱ्या हाताने नमस्कार करायचा. पिशवीत काही येईनासं झालं तर नळी दुमडली किंवा अंगाखाली दबली आहे का ते आधी बघावं. तसं नसेल तर सिस्टरला लगेच बोलवावं, कारण नळी तुंबली असेल तर नानांचं 'जायचंय' अगदी शब्दशः खरं असतं.

पलंगाचे दोन्ही कठडे वर केले की नातेवाइकाला गाढ झोप लागते. घात होतो तो इथे. भ्रमातला माणूस कठडा चढून ओलांडतो आणि पलंगाच्या नव्हे, कठड्याच्या उंचीवरून पडतो. उंची बदलणारा पलंग असेल तर रात्री तो अगदी खाली हवा. ड्रेसिंगसाठी वर केलेला पलंग पुन्हा खाली करण्याची आठवण जगात कुणालाही होत नाही, ती आपण ठेवायची. चाकांचे ब्रेक हलवून बघायचे. आपली खुर्ची नाना ज्या बाजूने उतरू पाहतात त्या बाजूला, मोबाइलचा चार्जर पोचो अथवा न पोचो. हात बांधायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. ओढणीने बांधून मोकळं होणारे नातेवाईक मला पसंत नाहीत. बांधलेला माणूस आणखी उसळतो.

सलाइनचं गणित सोपं. 500 मिली 8 तासांत द्यायचं, 20 थेंबांचा 1 मिली होणारा नळीचा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. एका मिलीला किती थेंब, हा आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो. थेंब मोजावेत जरूर, वेळ बरा जातो. पण वेग वाढवायला नळीवरच्या चाकाला हात लावू नये. थेंब थांबले तर आधी कोपर किंवा मनगट वाकलंय का बघावं. सुईशी हात सुजला, गार लागला, दुखू लागला तर सलाइन शिरेबाहेर चाललंय. मॉनिटर केकाटला तर पडद्याआधी पेशंटकडे बघावं. नाना आरामात एसटी महामंडळाला शिव्या देतायत आणि ऑक्सिजन 62 दिसतोय, तर बोटावरचा चिमटा निसटलेला असण्याची शक्यता जास्त. धाप लागली असेल तर मात्र चिमटा चाचपत बसू नये, धावावं.

आपल्यालाही कधीतरी जावं लागतंच. अशा वेळी शेजारच्या बेडवाल्याला नुसतं 'जरा बघा हं' म्हणून उपयोग नाही, तो नानांकडे बघतच राहील. 'डावीकडून उतरतात, उजवा हात नळीकडे जातो' असा नेमका चार्ज द्यावा.

पहाटे साडेपाचला नाना घोरू लागतात. आठला आत्या येते, त्यांच्याकडे बघते आणि म्हणते, "किती शांत झोपलेत रे! तू उगाच खुर्चीत अवघडलास." मी पडदे उघडतो, चष्मा मागतो, दिवसा त्यांना जागं ठेव, बसव, बोलतं कर, म्हणजे रात्री झोपतील, असं सांगतो. आत्या पडदे ओढून घेते.

"झोपू दे रे बिचाऱ्यांना. रात्री तू आहेसच की."